जलपरी, साडेसातची

नॉर्वेचा माणूस येलदरीला आला
पिंजऱ्यात मासे कसे वाढवायचे ते शिकवायला.
नाव त्रुल्स. दुसऱ्या दिवसापासून तुळशीराम.
मी दुभाषी, रोजंदारीवर,
जिंतूरहून एसटीनं येऊन-जाऊन.

संध्याकाळी जाळी वाळत होती.
तुळशीराम त्याच्या आज्याच्या गोष्टी सांगायला लागला.
मी म्हटलं, मंचकमामा, त्यांच्याकडं जलपरी असते.
मामानं कानामागची विडी काढली.
"कितीची? पाचची का साडेसातची?
आमची तर जळाली गेल्या उन्हाळ्यात."

मोटर नाही हो मामा.
वर बाई, खाली मासा.
खडकावर बसते, सोन्यासारखे केस विंचरते.
एकदा थंडीनं कुडकुडत होती,
ह्याच्या आज्यानं आपला एक हातमोजा फेकला तिच्याकडं,
तर म्हणाली, आज होडी काढू नको.
ज्यांनी काढल्या ते घरी आलेच नाहीत.

मामा गप्प. विडी विझली तरी ओढत होता.
मग म्हणाला, "समुद्रातल्या बायांचं बरंय.
खडक त्यांच्या नावावर हाय."

मामाला ती सापडली पितरांच्या पंधरवड्यात, पहाटे.
जाळं जड लागलं. वाटलं, दहा किलोचा कटला.
वर आली कमरेपर्यंत बाई.
केस पांढरे, कपाळभर शेंदूर,
दगडाला फासतात तसा.
आणि पहिलं वाक्य काय बोलावं तिनं?
"गाठी ढिल्या हैत. कुनी विनलं हे?"

"म्या विनलं," चौत्राबाई चुलीपासून,
"तिला काय कळतंय त्यातलं."

साती आसरांतली होती ती, कितवी ते मामानं विचारलं नाही.
धरण झालं तेव्हा माणसं उठली,
देव डोक्यावर घेऊन नव्या गावठाणात गेली.
ओढ्याकाठचे सात दगड तेवढे राहिले खाली.
"आमच्या मोबदल्याचं काय झालं?"
मामा म्हणाला, बाई, सातबारा लागतो.
"सात तर आहोत," ती म्हणाली,
"बारा कुठून आणू?"

मग तंबाखू मागितली. चुना कमी.
दाढेखाली धरली, आणि पिंक टाकली
पाण्यात नाही, मामाच्या होडीत.
राहत्या घरात थुंकत नसतात म्हणे.
जाता जाता बोलली,
"उद्या दुपारी दारं उघडतेत. होडी वर घे."

धरणावर कुणाला ठाऊक नव्हतं.
रात्री वर देऊळगावकडं आभाळ फाटलं,
दुपारी दरवाजे उघडले.
भिंतीकडच्या तीन होड्या
सिद्धेश्वरला सापडल्या, फळ्या होऊन.
मामाची बाभळीला बांधलेली, कोरडी.

म्हणून चौकशी.
शाखा अभियंता म्हणाले, बातमी फुटली कुठून?
मामानं खरं ते सांगितलं, अंगठा दिला.
साहेबांनी बराच वेळ पेन चावलं, मग लिहिलं:
माहितीचा स्रोत, स्थानिक महिला.

हे सगळं मी तुळशीरामाला सांगितलं,
सातबाऱ्यापाशी मात्र अडकले.
त्यानं वहीत बेरीज केली, एकोणीस,
पुढं प्रश्नचिन्ह.
मग विचारलं, दिसायला सुंदर होती का?

मी मराठीत प्रश्न ठेवला.
चौत्राबाईनं भाकरी उलटली.
"सुंदर आसती तर ह्यो घरला आला आसता व्हय?"
तुळशीराम माझ्याआधीच हसला.

जानेवारीत पार्सल आलं.
लोकरीचे हातमोजे, एक जोड.
चिठ्ठीत: एक तिला, एक तंबाखू देणाऱ्याला.
मामानं एक सोडला पिंजऱ्याच्या पिंपाजवळ.
बुडता बुडेना. पाचही बोटं वर,
कोणी निरोप घेतंय असा
तरंगत राहिला अंधार पडेपर्यंत.
सकाळी नव्हता.

दुसरा चौत्राबाईकडं आहे,
त्यानं ती चुलीवरचं पातेलं उतरवते.
जाळ्याच्या गाठी आता दोनदा आवळते,
का ते विचारलं तर चिडते.
परवा मामा होडी ढकलत होता, तर ओरडून म्हणाली,
"दिसली तर सांगा त्या भवानीला,
माझ्याकडं डावा आलाय.
मला उजवा पाहिजे."